खिरीत पाणी होतं

दिनू,

काल तुझ्या शोकसभेत मला ओकारी येता येता राहिली. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. टेबलावर तुझा फोटो होता, लग्नातला, फेटा आणि शेजारची वहिनी कापून नुसतं तोंड ठेवलेला. त्याला झेंडूचा जाडजूड हार. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळं हेडमास्तरांनी कागदावरून वाचलं, ते मी इथं पुन्हा लिहीत बसत नाही. मग अध्यक्ष म्हणून नाना वकील उठले. आपल्या शाळा कमिटीचे नाना, ज्यांनी तुला चौथीवरून उचलून पहिलीत नेऊन बसवलं, तेच.

"दिनकररावांनी या शाळेत सर्वधर्मसमभावाचं रोप लावलं," नाना म्हणाले. "एका शनिवारी, याच पटांगणात, बुद्धाची खीर वाटली गेली. ती खीर रेल्वेपलीकडच्या एका भगिनीनं केली होती. आणि मित्रहो, ती मी स्वतः, या हातानं खाल्ली."

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, दिनू! आमच्या वस्तीतली पन्नासेक माणसं मागं बसली होती, ती मुद्दाम बोलावून आणली होती, कारण पालिकेच्या निवडणुका तोंडावर आहेत. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं हे मला ठाऊक होतं. पण मेलेल्या म्हशीखाली स्वतःची चरवी लावून बसलेला माणूस मी काल पहिल्यांदा पाहिला. आणि सगळ्यात घाण गोष्ट अशी की नाना खोटं बोलले नाहीत. खाल्लीच होती त्यांनी. खाल्ल्यावर काय केलं तेवढं फक्त सांगितलं नाही.

मी उठून बाहेर आलो आणि लिंबाखाली उभा राहिलो. शिपाई मागोमाग पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, मी रडतोय. रडू येत नव्हतं रे. त्या पाण्यानं मी नुसती चूळ भरली. म्हणून आज तुला लिहितोय. नानांची मला किळस येते, ती येत राहील. पण तूही काही धुतल्या तांदळाचा नव्हतास, आणि तुझ्याशी माझं भांडण अर्ध्यात राहिलंय. ते असं फोटोला हार घालून मिटायचं नाही.

आपली ओळख अमरावतीची, मास्तरकीच्या ट्रेनिंगची. मी तिवशाहून आलेलो, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. वसतिगृहात पंगत एकच होती, निदान सांगायला तरी. प्रत्यक्षात मी शेवटी दाराजवळ बसायचो आणि माझ्या आणि बाकीच्यांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा सुटलेली असायची. कुणी आखून दिलेली नव्हती, आपोआप सुटायची. पहिल्याच आठवड्यात तू उशिरा आलास आणि ताट घेऊन नेमका त्या जागेत घुसलास. "सरक बे थोडा, मले मांडी घालू दे." मी मनात म्हटलं, आला सुधारक, आता भाषण ऐकावं लागणार. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. वरणात मीठ नाही म्हणून वाढप्याशी भांडायला लागलास आणि भांडता भांडता माझ्या ताटातली मिरची उचलून खाल्लीस.

त्या मिरचीचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. तुला ते आवडलंही नसतं. तू म्हणाला असतास, "मिरचीच होती बे, तुझी मुंज नाही लावली."

छप्पनच्या दसऱ्याला मी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, तेव्हा तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तोवर आपण दोघंही अकोल्यात याच शाळेत लागलो होतो. नवव्या दिवशी तोंड उघडलंस ते भांडायलाच. "आत राहून सुधारलं असतं आपण. तू बाहेर काहून गेला?"

मी म्हटलं, "आमी आत होतो कवा?"

तू हातातला खडू खाली ठेवलास. मग म्हणालास, "उत्तर चांगलं आहे. मले पटलं नाही, पण चांगलं आहे." असा तू. नंतर कुणीतरी तुला सांगितलं की बुद्ध म्हणजे विष्णूचाच नववा अवतार, मग तर तुला चेवच आला. "वामन्या, तू आधीच पाचवा होता, आता एकदम नवव्यात गेला. तुझं प्रमोशन झालं बे!" मी रागावलो की तुला जास्त हसू यायचं. इतका राग आणि इतकं हसू पुन्हा कुणाशी वाटून घेता आलं नाही मला.

शनिवारचं खूळ तुझंच. चौथीला जगातल्या धर्मांचा एक धडा होता. प्रत्येक धर्माला पाच-सात ओळी, संस्थापकाचं नाव, आणि शेवटी सगळ्या धर्मांचं सार एकच. तपासनीस आले की मुलं एका सुरात म्हणायची. तुला ते ऐकून चीड यायची. "हे पोट्टे धर्म पाठ करून राहिले, पाढ्यावानी," तू म्हणायचास. "त्यायच्या बाजूले बसलेला पोट्टा काय करते घरी, ते यायले माहीत नाही." म्हणून तू ठरवलंस, शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास धर्माचा. एक मूल उभं राहील आणि आपल्या घरी काय करतात ते सांगेल, बाकीचे वाटेल ते विचारतील. आणि सांगणारा घरून सगळ्यांसाठी खाऊ आणील. मी तेव्हा तिसरीवर होतो. माझा वर्गही तू तुझ्या वर्गात आणून कोंबायचास.

काय शनिवार होते ते! रफिक रोज्यांचं सांगत होता, तर वीरचंद विचारतो, "थुंकी गिळली तर रोजा तुटते का?" रफिक म्हणाला, "अम्मी म्हणते थुंकी गिळ, पण चुगली करू नको. चुगलीनं तुटते." मिशनच्या आवारातली सरोज येशूच्या जन्माचं सांगत होती. मुलांना एकच काळजी, गव्हाणीत ठेवलेल्या बाळाला गाईनं चाटलं कसं नाही. सरोजनं विचार करून सांगितलं, "चाटलं असन. पुस्तकात नाही लिवलं." वीरचंदचे लोक दिवस मावळल्यावर जेवत नाहीत हे ऐकून मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मंग रात्री भूक लागली तं?" वीरचंद म्हणाला, "झोपून जायचं." आणि हिंदू धर्माच्या शनिवारी तर मारामारीच झाली, कारण प्रत्येकाचा देव वेगळा आणि कुणाच्या देवाला शेंदूर जास्त लागतो यावरून हातघाईवर आले. तू टेबलावर डोकं ठेवून हसत होतास. मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला. मास्तर असावं तर असं.

खाऊचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. रफिकनं खजूर आणले, सरोजनं बेकरीतली नानकटाई, वीरचंदनं बदाम आणि खडीसाखर. हिंदूंच्या शनिवारी गूळखोबरं. सगळं कोरडं. कोरड्याला आपल्या गावात विटाळ नसतो. त्यामुळं पालकही खूश होते, कमिटीही खूश होती, आणि आपल्याला वाटलं आपण मोठी मजल मारली.

मग तू भिंतीवर जगाचा नकाशा लावलास आणि मुलांना विचारलंस, बौद्ध लोक कुठं राहतात? मुलं ओरडली, चीन, जपान, लंका. कौसल्या उभी राहिली. चौथीतली, दोन वेण्या, आवाज मोठा. "गुरुजी, रेल्वेच्या तिकडं राह्यतात. आमी तिथंच राह्यतो."

वर्ग खो खो हसला. एक मुलगा म्हणाला, "ते तं," आणि पुढं आमच्या जातीचं जुनं नाव घेतलं. ते नाव कसं उच्चारायचं असतं ते त्या वयाच्या मुलाला कुणीतरी घरी नीट शिकवलं होतं. तू त्याला मारलं नाहीस. तू माझ्याकडं पाहिलंस, आणि मी नकाशावरचा जपान बघत राहिलो. मग तू म्हणालास, "पुढच्या शनिवारी कौसल्या सांगेल."

सोमवारी कौसल्या नाचत सांगायला आली, माय खीर करते म्हणते. सुजातानं गौतमाला खीर दिली होती ना, म्हणून. तिची आई सुभद्राबाई जिनिंगमधे कामाला. खीर हा त्या घरात सणाचाही पदार्थ नव्हता. पण लेकीला शाळेनं पुढं उभं केलं, आपला धर्म सांगायला सांगितलं, म्हणजे खजुरावर कसं भागवायचं? तिला वाटलं ते बरोबरच होतं. चूक आपल्या गावाची होती, कारण खीर ओली असते आणि चुलीवर शिजते.

नानांचा नातू तुझ्या वर्गात होता. बातमी संध्याकाळपर्यंत जठारपेठेतल्या त्यांच्या घरी पोचली आणि सकाळी नाना शाळेत हजर. त्यांचं बोलणं मला अजून पाठ आहे. "बुद्धाविषयी आमच्या मनात आदरच आहे, दिनकरराव. प्रश्न बुद्धाचा नाही, स्वयंपाकाचा आहे." मग तोडगाही त्यांनीच काढला. खीर त्यांच्या घरून येईल. बाई सोवळ्यात करून देतील. म्हणजे बघ, बुद्धाची खीर सोवळ्यात! मी दाराशी उभा होतो, आणि मला वाटलं आता तू हसशील, ते टेबलावर डोकं ठेवून हसायचास तसं.

तू हसला नाहीस. तू वाद घातलास, आणि तोही त्यांच्याच शास्त्रानं. तुझ्या आईचा नियम तुला आठवला, की नुसत्या दुधात शिजवलेलं बाहेरचंही चालतं, पाण्याचा अंश नसला म्हणजे झालं. वकील माणूस, शास्त्रात सापडल्यावर सुटायला जागा नव्हती. नाना म्हणाले, ठीक, पण मग तांदूळही दुधातच धुवायचे, आणि खीर शिजवायचा गंज आमच्या घरचा. तू कबूल केलंस.

मी तोवर नळाशी गेलो होतो, तू तिथं धावत आलास. "वामन्या, जिंकलो बे! खाणार ते! नाना स्वतः खाणार!"

मी सगळं ऐकून घेतलं. असं वाटलं, कुणीतरी माझ्या तोंडावर थुंकलंय आणि तू मला ते पुसायला रुमाल आणून दिलायस. मी म्हणालो, "दुधात पाणी न घालणारा गवळी अकोल्यात एक तरी दाखव मले. त्याचं पाणी चालते, सुभद्राबाईचं चालत नाही?"

"आत्ता चालू तं होऊ दे! दगडापेक्षा वीट मऊ."

"डोक्यात बसली की वीटही फोडते."

तिच्या घरी जाऊन हे सांगायला मी नाही म्हणालो. तू एकटाच सायकल काढायला लागलास, तेव्हा मीच आलो मागून, कारण तू तिथं जाऊन शास्त्र सांगत बसशील ही भीती होती. तू तेच केलंस. सुभद्राबाई नुकती कामावरून आली होती, केसांत, भुवयांवर कापूस. ती पदरानं तोंड पुसत ऐकत होती. तुझं संपल्यावर तिनं विचारलं, "तांदूळ दुधात धुवाचे?"

"हो."

"काहून?"

तू पुन्हा तुझ्या आईच्या नियमापासून सुरुवात केलीस. तिनं तुला मधेच थांबवलं, "गुरुजी, तांदूळ पान्यानंच धुतात, पान्यातच शिजते. मंग दूध घालतो मी. माही सासू असीच करे. ज्याले खाचं त्यानं खावं, ज्याले नाही खाचं त्यानं घरी जावं. आन वकीलसाहेबाचा गंज नोको, आमच्या घरी हाय गंज."

परतताना तू सायकलवर बसला नाहीस, रेल्वेफाटकापर्यंत ती हातात धरून चालत आलास. मला वाटलं, तुला कळलं. मी मनातल्या मनात खूश झालो होतो, दिनू.

शनिवारी कौसल्या काय बोलली! वेण्यांना पांढऱ्या फिती, हात मागं बांधलेले. तिनं पंचशील म्हटलं आणि एकेकाचा अर्थ सांगितला. जीव नाही मारायचा, चोरी नाही करायची, वाईट नाही वागायचं, खोटं नाही बोलायचं, दारू नाही प्यायची. मुलं विचारायला लागली. तुझा बाप दारू पीत नाही का? "पेत होते. आता सोडली." तुमच्या घरी देव नाहीत? "होते. नदीत सोडले." यावर एक छोटी तिसरीतली घाबरून म्हणाली, "बुडाले का मंग?" कौसल्या म्हणाली, "पितळेचे होते. बुडालेच." नाना खुर्चीवर बसून हे ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलांचं कौतुक करणाऱ्या माणसाचं हसू होतं, दातांपुरतं.

मग गंजावरचं झाकण निघालं. नानांनी धाडलेला गंज तू शाळेच्या कपाटात ठेवून दिला होतास, हे मला मागाहून कळलं; दिसायला दोन्ही सारखेच. पळसाच्या द्रोणांत कौसल्याच डावानं वाढत होती. नानांनी द्रोण हातात घेतला आणि तुला विचारलं, "दिनकरराव, ठरल्याप्रमाणेच ना?"

तू म्हणालास, "हो नाना. पाण्याचा थेंब नाही."

किती सहज म्हणालास! नानांनी खाल्ली. दोन बोटांनी, पण खाल्ली. "वा, वेलदोडा आहे," असंही म्हणाले. मग नातवानं खाल्ली, मग सगळ्या मुलांनी. पटांगणभर चाटण्याचे आवाज. मीही माणूस आहे, त्या क्षणी मलाही वाटलं, जाऊ दे, एवढं खोटं चालेल. सगळे खातायत ना?

आणि कौसल्या म्हणाली, "नाही गुरुजी. पानी घातलं. मीच आनलं भरून."

तिला वाटलं, गुरुजींना माहीत नाही. गुरुजी चुकले तर सांगायचं, हे तूच त्यांना शिकवलं होतंस. तू फळ्यावर मुद्दाम चुकीचं गणित करायचास आणि जो पकडेल त्याला शाबासकी द्यायचास. तिनं तेवढंच केलं. आणि तू तिच्यावर ओरडलास.

"गप्प बस! तुला कोणी विचारलं?"

मुलांवर तुझा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. कौसल्याच्या हातातला डाव तसाच राहिला.

नाना उठले आणि नळाशी गेले. घशात बोटं घालून त्यांनी सगळी खीर काढली, खाकरले, थुंकले, चुळा भरल्या. मग नातवाला बोलावून त्याच्याही घशात बोट घातलं. पोरगा रडत होता. त्याला बघून आणखी एक मुलगा उठला, मग दोघं, मग रांगच लागली. काहींना भीती वाटली असेल, काहींना तो खेळ वाटला. माझ्या तिसरीतली मुलंसुद्धा ओठ खिरीनं माखलेले घेऊन नळाशी उभी राहिली आणि कोण लांब थुंकतो ते बघायला लागली. नळाखालची जमीन पांढरी झाली. कावळे आले. ज्या धर्माचा धडा तुला पुस्तकात सापडत नव्हता, तो त्या दिवशी मुलांनी अर्ध्या तासात नीट पाठ केला.

रफिक तेवढा जागचा हलला नाही. त्यानं दुसरा द्रोण मागितला.

शाळेच्या फाटकाशी सुभद्राबाई उभी होती, गंज न्यायला आलेली. तिनं सगळं पाहिलं. तू खाली बसलास, गंजात हात घालून खीर खायला लागलास, घास कोंबत होतास तोंडात, डोळ्यांतून पाणी. मीही बसलो तुझ्याशेजारी. चांगली होती रे खीर. सुभद्राबाई आली, आपण दोघं खाऊ तोवर थांबली, आणि गंज उचलताना म्हणाली, "सोमवारी पोरीले पाठवतो मी. लिवाले-वाचाले शिकवा, गुरुजी. धर्म नोका शिकवू."

शनिवार बंद झाले. तुला पहिलीत धाडलं. कमिटीनं माझंही नाव काढलं होतं, आणि मी तेव्हा कायम नव्हतो, एका सहीत घरी गेलो असतो. तू तिथं सांगितलंस की वामनला यातलं काही ठाऊक नव्हतं, सगळं तुझं एकट्याचं. हे मला शिपायाकडून कळलं, तेही वर्षानं. मी तुला विचारलं तर म्हणालास, "पहिलीचे पोट्टे बरे. ते नाकातला शेंबूड पुसतात, मनातला नाही." मी तेव्हा आभार मानले नाहीत, कारण माझा राग गेला नव्हता. आज मानतो. माझ्या चुलीवर जे शिजलं, त्यात तुझी ती साक्ष आहे.

पण राग आजही तेवढाच आहे. आपण किती वेळा भांडलो यावरून! मोर्णा नदीच्या पुलावर, माझ्या ओट्यावर, तुझ्या आईच्या तेराव्यालासुद्धा. तुझं एकच पालुपद. ती बोलली नसती तर सगळ्यांनी खाल्ली असती, पचवली असती, आणि महिन्यानं मी भर सभेत सांगितलं असतं की पाणी होतं, बघा, कोणी मेलं का? मी म्हणायचो, चोरून खाऊ घातलं तर तुमच्या धर्माची बाटाबाट झाली असती, सुभद्राबाईच्या पदरात काय पडलं असतं? तिला कुणाला बाटवायचं नव्हतं. तिला फक्त वाढायचं होतं. तू म्हणायचास, "तुले जिंकता येत नाही, फक्त बरोबर राहता येते." ते मला फार लागायचं, कारण त्यात थोडं खरं होतं.

गेल्या महिन्यात तुझी कावीळ बळावली, दवाखान्यात नेलं, तेव्हा तू मला पहिल्यांदा विचारलंस, "कौसल्या काय करते बे?" मी सांगितलं, मॅट्रिकला बसली, मास्तरीण व्हायचं म्हणते. तू म्हणालास, "तिले घेऊन ये."

मी तिला घेऊन आलो. भर दुपार होती, वॉर्डात तुझा भाऊ उसाच्या रसाचा पेला घेऊन बसला होता. आम्हाला बघून तो बाहेर गेला. तुझे डोळे पिवळे झाले होते, गालाची हाडं वर आली होती. ती पलंगाशी उभी राहिली, हात मागं बांधून, आणि तू लगेच सुरू झालास. मला वाटलं होतं, माफी मागशील. तू वाद मांडलास! तोच, पुलावरचा. तू त्या दिवशी बोलली नसतीस तर काय काय झालं असतं, किती मुलांच्या मनातला बागुलबुवा गेला असता, तुझ्या आईचा मान कसा राहिला असता. दम लागत होता, तरी थांबेनास. मला तुझी कीव आली, आणि चीडही आली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुरुजी, एक इचारू?"

"विचार."

"तुमी खोटं बोलले, त्याचा मले राग नाही. माह्यासाठीच बोलले तुमी. पन मले गप्पच बसवाचं होतं, तं मंग उभं काहून केलं होतं?"

तू तिच्याकडं बघितलंस, मग माझ्याकडं, आणि मग कूस बदलून भिंतीकडं तोंड केलंस. तुझे खांदे हलत होते. तिनं तुझी सरकलेली चादर पायावर ओढली आणि आम्ही बाहेर आलो.

त्यानंतर मी आलो तेव्हा तू बोलायच्या पलीकडं गेला होतास, म्हणून तुला सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर ती पोरगी बसून रडली. ओक्साबोक्शी. कालच्या सभेत तुझ्यासाठी तसं कुणी रडलं नाही. "गुरुजी लयच वाळले," म्हणाली. मग डोळे पुसत मला विचारलं, "मी इचाराले नोको होतं का, सर? माहं चुकलं का?"

मी म्हणालो, "नाही, बाई. तू विचारत जा. कोनी गप्प बस म्हनलं, तरी विचारत जा."

हे मी तुझ्या वतीनं सांगितलं, दिनू. तू आत भिंतीकडं तोंड करून निजला होतास, म्हणून तुला विचारलं नाही.

तुझा,
वामन